अमेरिकेतून आलेले प्लेस्टेशनचे कार्ड इथे का चालेना? गेम स्टोअरची गिफ्ट कार्डे ओळखावी कशी, वापरावी कशी

साताऱ्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे दीर न्यू जर्सीला असतात. पुतण्याच्या तेराव्या वाढदिवसाला त्यांनी तिकडच्या दुकानातून प्लेस्टेशन या गेम मशीनचे ५० डॉलरचे गिफ्ट कार्ड घेतले, मागची पट्टी खरवडली आणि फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. इथे मुलाने कोड टाकला, तर मशीन तो घेतच नाही. कार्ड बनावट आहे का, दुकानदाराने दिरांना फसवले का, आणि यापुढे कार्ड घेताना ओळखायचे कशावरून, असे ताईंनी विचारले आहे.

ताई, पुढचे वाचण्याआधी एक काम करा. तो फोटो ग्रुपवरून काढायला लावा. दिरांना सांगा की सगळ्यांच्या फोनवरून जाईल असा डिलीट करा, आणि ती मुदत टळली असेल तर ज्याने त्याने आपापल्या फोनवरून काढावा. कारण तुमच्या मुलाने टाकलेला कोड मशीनने घेतला नाही याचा अर्थ तो संपला असा होत नाही. तो अजून जिवंत आहे, आणि अमेरिकेचे खाते असलेला कोणीही तो वापरू शकतो. ग्रुपमधल्या कोणावर संशय घ्यायचा प्रश्न नाही. फोटो पुढे जातात, गॅलरीत राहतात, जुना फोन विकला जातो.

आता मूळ प्रश्न. तुमच्या कार्डात बहुतेक काहीच खोट नाही. खोट आहे ती जोडीत. कार्ड अमेरिकेचे आणि मुलाचे खाते भारताचे. प्लेस्टेशनचे कार्ड ज्या देशाचे असेल त्याच देशाच्या खात्यावर चालते. पंचाईत अशी की मशीन हे सरळ सांगत नाही. कोड चुकीचा आहे किंवा आता वैध नाही, अशा अर्थाचा संदेश येतो. माणूस मग दहादा तेच अक्षर तपासत बसतो आणि शेवटी दुकानदाराला शिव्या घालतो. माझ्या काउंटरवर येणाऱ्या तक्रारींमध्ये सर्वांत जास्त संख्या याच प्रकाराची असते. कार्ड खरे, खाते खरे, देश वेगळे.

गिफ्ट कार्ड काय असते हे एकदा नीट समजले की बाकीचे सोपे जाते. त्या प्लास्टिकच्या तुकड्यात किंवा ईमेलमध्ये पैसे नसतात. कंपनीच्या सर्व्हरवर एक नोंद असते. अमुक कोड, अमुक रक्कम, अमुक चलन, चालू झाला आहे की नाही, वापरला आहे की नाही. पूर्वी पानपट्टीवर मोबाइल रिचार्जची खरवडायची कुपने मिळायची ना, नेमका तोच प्रकार. नंबर ज्याने आधी टाकला त्याचे रिचार्ज झाले, मग कुपन कोणाच्याही खिशात असो.

म्हणून कार्ड हातात आले की मी तीन गोष्टी बघायला सांगतो. हे कोणत्या स्टोअरचे आहे, कोणत्या देशाचे आहे, आणि यात पैसे आहेत की ठरावीक वस्तू आहे. या तिन्हींची उत्तरे कार्डावरच छापलेली असतात. फक्त ती दर्शनी बाजूच्या रंगीत चित्रात नसून मागच्या बारीक अक्षरांत असतात.

स्टोअर ओळखणे सोपे वाटते, पण ईमेलने आलेला नुसता कोड असेल तर गोंधळ होतो. तेव्हा कोडची लांबी उपयोगी पडते. प्लेस्टेशनचा कोड १२ अक्षरांचा असतो, चार-चारचे तीन गट. स्टीम हे संगणकावरच्या गेमचे ऑनलाइन दुकान, त्याच्या वॉलेटचा १५ अक्षरांचा, पाच-पाचचे तीन गट. निन्टेंडो कंपनीच्या ईशॉप या गेम स्टोअरचा १६ अक्षरांचा. ॲपलचाही १६ अक्षरांचाच, पण तो एक्स या अक्षराने सुरू होतो. एक्सबॉक्स म्हणजे मायक्रोसॉफ्टचा सर्वांत लांब, २५ अक्षरांचा, पाच-पाचचे पाच गट. अर्थात, लांबी जुळली म्हणजे कोड खरा, असे नाही. लांबी जुळली नाही तर मात्र एक तर स्टोअर दुसरे आहे किंवा तुम्ही भलताच नंबर टाकत आहात.

हा भलता नंबर टाकण्याचा प्रकार फार होतो. छापील कार्डाच्या मागे सहसा दोन-तीन आकडे असतात. बारकोडखालचा लांब आकडा, एक सीरियल नंबर, आणि चंदेरी पट्टीखाली लपलेला खरा कोड. पट्टी खरवडायची असते हेच लक्षात न आल्याने लोक सीरियल नंबर टाकत राहतात. सीरियल नंबर निरुपयोगी नसतो बरे का. उद्या कोडची दोन अक्षरे खरवडताना गेली आणि वाचता येईनात, तर कंपनीचा मदत विभाग हाच नंबर मागतो. पट्टी नाण्याच्या काठाने हलक्या हाताने खरवडा. ब्लेड किंवा किल्लीचे टोक लावले की पट्टीबरोबर खालची छपाईही निघते, आणि मग अर्धे अक्षर बघून तो बी होता की आठ, हे ठरवणे कोणाच्याच हातात राहत नाही.

अक्षरांचा विषय निघालाच आहे तर इथे थोडे थांबतो, कारण न चालणाऱ्या कोडचे दुसरे मोठे कारण हेच आहे. शून्य आणि ओ, एक आणि आय, बी आणि आठ, एस आणि पाच, जी आणि सहा. शिवाय दोन व्ही शेजारी आले की डब्ल्यू वाटतो. मायक्रोसॉफ्टने यावर चांगला तोडगा काढला आहे. त्यांच्या २५ अक्षरी कोडमध्ये इंग्रजी स्वर नसतातच, शून्य आणि एकही नसतात. त्यामुळे एक्सबॉक्सच्या कोडमध्ये तुम्हाला ओ किंवा शून्य दिसत असेल, तर ते क्यू किंवा डी असण्याची शक्यता धरा. ईमेलने आलेला कोड हाताने टाइप करू नका, कॉपी करून पेस्ट करा, आणि शेवटी चुकून मोकळी जागा कॉपी झाली नाही ना ते बघा. छापील कोड असेल तर एकाने मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने टाकायचा. तरी नाही चालला तर चार-सहा प्रयत्नांनंतर थांबा. स्टीमवर लागोपाठ चुकीचे कोड टाकले की ते काही वेळ कोड घेणेच बंद करते. अशा वेळी तासाभराने, शांतपणे पुन्हा प्रयत्न करायचा.

पैसे की वस्तू, हा तिसरा मुद्दा लोक हमखास विसरतात. ‘वॉलेट’ कार्डाने खात्यात पैसे जमा होतात आणि त्यातून काय घ्यायचे ते तुम्ही ठरवता. याउलट एक्सबॉक्स गेम पासचे कार्ड हे ठरावीक महिन्यांचे सभासदत्व असते, त्यातून गेम विकत घेता येत नाही. एक्सबॉक्स आणि मायक्रोसॉफ्ट या दोन नावांची गिफ्ट कार्डे मात्र वेगळी दिसली तरी एकाच शिलकीत जमा होतात. स्टीमवर आणखी एक गुंता आहे. एखाद्या गेमची ‘की’, म्हणजे तो एकच गेम खात्यात उघडणारा कोड, सुद्धा बऱ्याचदा पाच-पाचच्या तीन गटांत, म्हणजे वॉलेटच्या कोडसारखीच दिसते. पण दोन्हींचे दरवाजे वेगळे. वॉलेटचा कोड खात्याच्या पैशांच्या पानावर टाकायचा, तर गेमची की संगणकावरच्या स्टीममध्ये ‘गेम्स’ मेनूतल्या ‘ॲक्टिव्हेट अ प्रॉडक्ट’मध्ये. चुकीच्या दारात टाकला की स्टीम तो घेत नाही आणि लोकांना वाटते फसवणूक झाली. फोर्टनाइटच्या व्ही-बक्ससारखी गेममधल्या चलनाची कार्डे तर त्या-त्या गेमच्याच साइटवर टाकायची असतात. बीजीएमआयचे यूसी किंवा फ्री फायर मॅक्सचे डायमंड घ्यायचे असतील, तर बहुतेक मुले गुगल प्लेचे कार्ड घेतात, ते गुगल प्लेमध्ये जमा करतात आणि मग गेमच्या आतून खरेदी करतात. तो रस्ता ठीक आहे. मात्र गुगल प्लेमध्ये त्याच जीमेलने लॉगिन केलेले हवे, जिच्यावर पैसे जमा केले आहेत.

आता देशाचा विषय, कारण तुमचे घोडे तिथेच अडले आहे. प्रत्येक स्टोअरचा नियम वेगळा आहे आणि तो माहीत असला की परदेशातल्या नातेवाइकांना काय सांगायचे ते कळते.

प्लेस्टेशन सर्वांत कडक. खाते उघडताना जो देश निवडला तो कायमचा. नंतर बदलता येत नाही. भारताच्या खात्याला रुपयांतले कार्डच लागते. यामुळे उलटी अडचणही येते. शिकायला जर्मनीला किंवा आयर्लंडला गेलेली आपली मुले इथले खाते घेऊन जातात आणि तिकडच्या दुकानात युरोचे कार्ड घेतात. ते त्यांच्या खात्यावर चालत नाही. त्यांच्यासाठी आई-वडिलांनी इथे रुपयांतला कोड घ्यायचा आणि मुलाला कळवायचा, हा सरळ मार्ग आहे.

एक्सबॉक्सवर देश बदलता येतो, पण शिल्लक पैसे नव्या देशात सोबत येत नाहीत. म्हणून बदलण्याआधी ते संपवावे लागतात. निन्टेंडोवरही खात्याचा देश बदलता येतो, फक्त आधीची शिल्लक खर्च झालेली हवी. भारतात निन्टेंडोचे स्विच हे गेम मशीन वापरणारे बरेच जण अमेरिकेचे खाते ठेवून डॉलरची कार्डे वापरतात ती याच सोयीमुळे. तुमच्या दिरांनी स्विचसाठी कार्ड पाठवले असते तर कदाचित ते चाललेही असते. गुगल प्लेवर देश वर्षातून एकदाच बदलता येतो आणि जुन्या देशातली शिल्लक नव्या देशात वापरता येत नाही.

स्टीम यात सर्वांत मोकळे. २०१५ पासून स्टीमवर भारतासाठी रुपयांत किमती आहेत. डॉलरचे कार्ड भारतीय खात्यावर टाकले, तर स्टीम त्या दिवसाच्या दराने रुपयांत बदलून जमा करते. काही कार्डे विशिष्ट देशापुरती मर्यादितही असतात, म्हणून मागची ओळ वाचायचीच. मात्र स्वस्त किमतींसाठी देश बदलायला जाल तर स्टीम तसे करू देत नाही. त्या देशातले पेमेंटचे साधन असावे लागते आणि असा बदल तीन महिन्यांतून एकदाच करता येतो. काही मुले व्हीपीएन (आपण दुसऱ्याच देशात आहोत असे भासवणारे ॲप) लावून हे करायला जातात. नका करू देऊ. वर्षानुवर्षे जमवलेल्या गेमचे खाते दोन-पाचशे रुपयांच्या फरकापायी धोक्यात घालण्यात काही शहाणपण नाही.

तुमच्या ५० डॉलरच्या कार्डाचे काय करायचे? कोड न वापरलेला आहे, तेव्हा दिरांना तो परत वापरू द्या. त्यांच्या घरी, ऑफिसात कोणाकडे अमेरिकेचे प्लेस्टेशन खाते असेल तर त्यांना द्यावा आणि तेवढी रक्कम तुम्हाला पाठवावी. इथे तुम्ही भारताचे कार्ड घ्या. ती १,००० रुपयांपासून ५,००० पर्यंतच्या रकमांत मिळतात. कोणी सांगेल की मुलाच्या मशीनवर अमेरिकेचे दुसरे खाते उघडा, त्यावर गेम घ्या आणि मशीन शेअरिंगवर टाकून मुलाच्या खात्यातून खेळू द्या. तांत्रिकदृष्ट्या हे होते. तरी मी ते सुचवत नाही. प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीच्या अटींप्रमाणे खात्यावर खरा देश लिहायचा असतो. शिवाय त्या गेममधली पुढची प्रत्येक खरेदी अमेरिकेच्याच खात्यातून करावी लागते, आणि इथे घेतलेल्या गेमच्या डिस्कला तिकडच्या खात्यातून घेतलेले त्या गेमचे जादा भाग बहुधा जुळत नाहीत. एका कार्डापायी दोन खात्यांचा कायमचा गुंता होतो.

तुमचा मुलगा १३ वर्षांचा आहे, म्हणून आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. त्याचे खाते खऱ्या जन्मतारखेचे आहे का ते बघा. बहुतेक घरांत मुलांनी स्वतःच खाते उघडलेले असते आणि वय अठराच्या वर टाकलेले असते. प्लेस्टेशनवर अठरा वर्षांखालच्या मुलाचे खाते पालकांच्या खात्याला जोडता येते. पालक त्यात फॅमिली मॅनेजर असतात, पैसे पालकांच्या वॉलेटमध्ये राहतात आणि मुलाने महिन्याला किती खर्च करायचा ती मर्यादा पालक ठरवतात. सुरुवातीला ती मर्यादा शून्य असते. म्हणजे कार्ड तुम्ही तुमच्या खात्यावर टाकायचे आणि मर्यादा, समजा, ५०० रुपये ठेवायची. ‘कार्ड टाकले तरी मुलाला खरेदी करता येईना’ म्हणून येणाऱ्या पालकांच्या बाबतीत बहुतेक वेळा ही मर्यादाच वाढवायची राहिलेली असते.

आणि याच कारणासाठी मी पालकांना गिफ्ट कार्डाचा आग्रह धरतो. मशीनवर बँकेचे कार्ड साठवून ठेवले की मुलाला पैसा दिसेनासा होतो. बटण दाबले, वस्तू आली. फुटबॉलच्या गेममध्ये खेळाडूंची पाकिटे असतात, आत कोण निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही, आणि हवा तो निघाला नाही की दुसरे पाकीट. अशा खरेदीत मोठी माणसेही वाहवतात. हजार रुपयांचे कार्ड हजार रुपयांवर थांबते. त्यात मुलगा हिशोब शिकतो, सेलची वाट बघायला शिकतो, आणि तुमच्या बँकेच्या खात्याला धक्का लागत नाही.

कार्ड घ्यायचे कोठून, यावर माझे मत ठाम आहे. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्यांच्या यादीत असलेले दुकान किंवा साइट, नाहीतर नाही. छापील कार्ड घेताना पट्टी अखंड आहे का, तिच्या कडेला टोकरल्याच्या खुणा आहेत का, मूळ पट्टीवर दुसरी चिकटवलेली तर नाही ना, हे बोट फिरवून बघा. रॅकवर टांगलेल्या कार्डाला काउंटरवर बिल होईपर्यंत काही किंमत नसते. बिल करताना ते चालू होते. कधीकधी बिल होते पण कार्ड चालू होत नाही, तेव्हा पावती हाच एकमेव पुरावा. पावती कार्डाबरोबर पिन करून ठेवायची, कोड वापरून झाला तरी महिनाभर टाकायची नाही. दिरांनाही हे कळवा.

सणासुदीला विक्रेते पाच-दहा टक्के सूट देतात, ती खरी असू शकते. पण दोन हजारांचे कार्ड हजाराला कोणी देत असेल तर तिथून उठा. या कार्डांवर विक्रेत्याला सुटणारे पैसे इतके थोडे असतात की अर्ध्या किमतीत विकणे कोणालाच परवडत नाही. मग ते स्वस्त मिळते कसे? बऱ्याचदा चोरलेल्या क्रेडिट कार्डांवर कोड घेतलेले असतात आणि ते घाईघाईने पडेल त्या किमतीला विकले जातात. कार्डाचा खरा मालक बँकेत तक्रार करतो, बँक पैसे परत ओढते, आणि कंपनी तो कोड किंवा त्यातून घेतलेला गेम रद्द करते. तोवर विकणारा गायब. भुर्दंड शेवटच्या माणसाला, म्हणजे तुमच्या मुलाला, आणि वर त्याचे खाते चौकशीत अडकू शकते.

हे ऐकीव नाही. फॅक्टोरिओ नावाचा गेम करणाऱ्या प्रागच्या वुबे सॉफ्टवेअर या कंपनीने जी-टू-ए या की विकणाऱ्या मोठ्या बाजारपेठेकडे तक्रार केली होती. तपासणीत तिथे विकल्या गेलेल्या १९८ की बेकायदा मार्गाने मिळवलेल्या निघाल्या, आणि २०२० मध्ये जी-टू-एने वुबेला ३९,६०० डॉलर भरपाई दिली. एका गेमच्या बाबतीत हे तपासले गेले म्हणून कळले. टेलिग्रामवरच्या ‘कार्ड सेलर’ची तपासणी कोण करणार?

कोड टाकण्याची कृती अवघड नाही, पण क्रम पाळा. आधी लॉगिन कोणाचे आहे ते बघा. घरात दादाचे आणि ताईचे अशी दोन खाती असली की कोड भलत्याच खात्यात जातो, आणि एकदा जमा झालेली रक्कम दुसऱ्या खात्यात हलवता येत नाही. पीएस फाइव्हवर, म्हणजे प्लेस्टेशनच्या पाचव्या मशीनवर, प्लेस्टेशन स्टोअरमध्ये जाऊन वरच्या तीन ठिपक्यांत ‘रिडीम कोड’ सापडते. गुगल प्लेमध्ये वर उजवीकडे आपल्या फोटोवर टिचकी मारली की पेमेंटच्या भागात. स्टीममध्ये खात्याच्या माहितीतून वॉलेटमध्ये पैसे भरायच्या पानावर. मायक्रोसॉफ्ट आणि प्लेस्टेशन जमा करण्याआधी कोड कशाचा आहे ते दाखवून एकदा विचारतात. त्या पानावर रक्कम वाचा, मगच होकार द्या. स्टीमला नवीन असाल तर एक फायदाही सांगतो. पाच डॉलर किंवा त्याहून अधिक किमतीचे कार्ड जमा केले की नव्या खात्यावरचे निर्बंध उठतात, मित्र जोडता येतात. फुकटच्या गेमवर बसलेल्या मुलांना हे माहीत नसते.

‘कोडमधली शिल्लक तपासा’ म्हणणाऱ्या बाहेरच्या साइटवर कोड कधीही टाकू नका. टाकला की गेला. ‘कोड जनरेटर’ही तसलेच. असा कोणताही कार्यक्रम चालू कोड बनवू शकत नाही, कारण नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते, हे मघाशी सांगितलेच.

खर्च करताना दोन-तीन गोष्टी. भारतात दाखवलेल्या किमतीत कर धरलेला असतो. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत तो वरून लागतो, म्हणून तिकडे ६० डॉलरच्या कार्डात ५९.९९ चा गेम बसत नाही आणि थोड्यासाठी दुसरे कार्ड घ्यावे लागते. तिकडच्या मराठी मंडळींनी कार्ड घेतानाच जरा वरचे घ्यावे. प्लेस्टेशन प्लससारखे सभासदत्व आपोआप पुढे चालू राहते आणि वॉलेटमध्ये पैसे असतील तर त्यातून कापले जातात. नको असेल तर घेतल्या दिवशीच ऑटो-रिन्यू बंद करा, भरलेली मुदत तरीही पूर्ण मिळते. गिफ्ट कार्ड परत करता येत नाही, पण त्यातून घेतलेला गेम काही अटींवर परत करता येतो. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर. प्लेस्टेशनवर १४ दिवसांत, पण डाउनलोड सुरू केलेला नसेल तरच. पैसे परत येतात ते वॉलेटमध्ये. म्हणून प्लेस्टेशनवर गेम घेतल्यावर, हाच हवा होता ना, एवढी खात्री झाल्याशिवाय मुलाला डाउनलोड लावू देऊ नका.

फसवणुकीबद्दल थोडे परखड लिहितो. गिफ्ट कार्ड हे भेट द्यायचे आणि स्वतः वापरायचे साधन आहे. ज्याला तुमच्याकडून दंड, कर, वीजबिल, जामीन, कुरिअरचे शुल्क यांपैकी काहीही गिफ्ट कार्डातून हवे आहे, तो चोर आहे. याला अपवाद नाही. कोड फोनवर वाचून दाखवला की सात समुद्रापलीकडचा माणूस तो क्षणात वापरतो, बँकेसारखी मधली साखळी नसते, आणि परत मागायला जागा उरत नाही. चोरांना ते आवडते याचे कारण हेच. याचा सर्वांत मोठा धडा आपल्या शेजारीच आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे टाकले. तिथली पोरे अमेरिकेतल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना फोन करून आपण कर खात्यातून बोलतोय असे सांगायची, अटकेची धमकी द्यायची आणि दुकानात पाठवून गिफ्ट कार्डे घ्यायला लावायची. आता तोच खेळ इकडच्या माणसांवर होतो. ऑफिसातल्या साहेबांचा फोटो लावलेल्या अनोळखी नंबरवरून ‘मी मीटिंगमध्ये आहे, तातडीने चार कार्डे घेऊन कोड पाठव’ असा निरोप येतो. साहेबांना त्यांच्या नेहमीच्या नंबरवर फोन करा. तेवढ्यावर प्रकरण मिटते.

मुलांना वेगळ्या गळाने पकडतात. डिस्कॉर्ड या गेम खेळणाऱ्यांच्या गप्पांच्या ॲपवर ओळखीच्याच मित्राच्या नावाने ‘५० डॉलरचे स्टीम गिफ्ट’ अशी लिंक येते. दिसायला पत्ता स्टीमचा असतो, दाबल्यावर उघडते ते दुसरेच पान, आणि तिथे लॉगिन केले की खाते गेले. मित्राचे खाते आधीच गेलेले असते, म्हणून तर त्याच्या नावाने निरोप आला. स्टीमवर डिजिटल गिफ्ट कार्ड पाठवायचे तर दोघे किमान तीन दिवस स्टीमवर मित्र असावे लागतात, आणि आलेली भेट स्टीमच्या आतच दिसते. मुलाला एवढेच शिकवा की लिंक दाबायची नाही, स्टीम स्वतः उघडून बघायचे. खरी भेट असेल तर ती तिथे असेलच.

शेवटी, अधिकृत दुकानातून घेतलेला कोड खरोखरच चालला नाही तर काय करायचे. ‘आधीच वापरला आहे’ असा संदेश आला तर पहिल्यांदा घरातल्याच सगळ्या खात्यांचा खरेदीचा इतिहास बघा. बऱ्याचदा मुलानेच दुसऱ्या खात्यात टाकलेला असतो. ‘चालू झालेला नाही’ असे आले तर पावती घेऊन विक्रेत्याकडे जा, कारण चालू करणे त्याच्याच हातात आहे. दोन्ही नसेल तर कंपनीच्या मदत विभागाकडे कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, सीरियल नंबर आणि पावती पाठवा, आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. बँकेच्या लोकपालाकडे याचा उपयोग होत नाही. एकाच कंपनीच्या खरेदीसाठी चालणारी कार्डे रिझर्व्ह बँकेच्या नियमांत बंद प्रकारातली धरली जातात आणि तिच्या परवानगीच्या कक्षेत येत नाहीत. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. कोणी फसवून कोड काढून घेतला असेल किंवा कार्डासाठी यूपीआयने पैसे नेले असतील, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. फोन करण्याआधी व्यवहाराचा यूटीआर (बँकेचा संदर्भ) क्रमांक, समोरच्याचा नंबर आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. ते विचारतातच.